मायना पंडितजींना विचारणे

ज्याचे नाव घेतल्यावाचून कागदावर पहिले अक्षर उमटवू नये असे आम्हांस शिकविले गेले, त्या श्रीगजाननास वंदन. शुद्ध आणि अशुद्ध यांतील भेद जिच्या कृपेने कळतो, त्या श्रीशारदेस वंदन. आणि पुरानी बस्तीत बसून या गावाची राजधानी होताना शांतपणे पाहणाऱ्या महामाया मातेस वंदन. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवी अंकासाठी कोणा दिवंगत सभासदाविषयी काही लिहून द्यावे, अशी संपादकांची आज्ञा झाली आहे. माझा हात आता थरथरतो, चष्म्यातूनही ओळी एकमेकींवर चढतात, आणि खरे सांगायचे तर कोणाविषयी काही लिहावे असा उत्साह पुष्कळ दिवसांत वाटलेला नाही. तरी ज्यांचे वर्षश्राद्ध गेल्या महिन्यात झाले त्या गृहस्थांविषयी लिहिणे मला टाळता येणार नाही. त्याचे कारण लिहिता लिहिता सांगेन.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, म्हणजे आमच्या जुन्या मोहल्ल्यात, त्यांना लहानथोर सगळे सहीबाबू म्हणत. मूळचे वर्ध्याकडचे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी लागली, रायपूरला बदली झाली, आणि मग ते कुठे गेलेच नाहीत. माझ्या घरापासून चौथे दार त्यांचे. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे; सकाळी दोन घरच्या पूजा करून शाळेत जाताना ते ओट्यावर बसलेले दिसत, मांडीवर लाकडी पाट, पाटावर कागद, आणि खिशाला दोन पेन. निळे पेन पत्रासाठी, काळे पाकिटावरच्या पत्त्यासाठी. ही पेने त्यांनी कधी एकमेकांच्या जागी वापरली नाहीत. एकदा काळ्यातील शाई संपली म्हणून लिहून झालेले पत्र त्यांनी तीन दिवस घरात ठेवले होते.

ही पत्रे जात ती मुंबईला, चित्रपटांतील नटनट्यांना. मात्र ज्यांची चित्रे भिंतीभिंतीवर लागली आहेत अशांना ते लिहीत नसत. पडद्यावरून उतरलेल्या, काम मिळेनासे झालेल्या, कुठल्यातरी उपनगरातील तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या जुन्या मंडळींचा पत्ता ते कोठून मिळवीत, देव जाणे. त्यांचे म्हणणे असे की माणूस गाजत असतो तेव्हा त्याला वाचायला वेळ नसतो, आणि गाजणे संपल्यावर त्याला लिहायला कोणी उरत नाही. तेव्हा आपण दुसऱ्या वेळेचे गिऱ्हाईक व्हावे.

पत्रात स्तुती फारशी नसे. चित्रपटातील एखादी बारीक गोष्ट असे. एका विनोदी नटाला त्यांनी लिहिले होते की अमुक प्रसंगात आपण पाणी पिता तेव्हा पेला रिकामा आहे हे मला दिसले, पण घोट गळ्याखाली उतरलेला खरा वाटला. खलनायकाची कामे करून म्हातारा झालेल्या एका नटाला त्यांनी केवळ गुडघ्याची चौकशी केली होती, कारण त्याच्या शेवटच्या चित्रपटात तो जिना चढताना कठड्याला धरून चढला होता. पत्राबरोबर ते जवाबी पोस्टकार्ड घालीत, म्हणजे ज्यावर आपलाच पत्ता आधी लिहिलेला असतो ते. समोरच्याने त्यावर सही करून पेटीत टाकायचे, एवढेच काम. फोटो त्यांनी कोणाकडे कधी मागितला नाही.

पत्रे बहुधा मराठीत. ज्याला मराठी येत नाही त्याला हिंदीत, पण नाइलाजाने. एकदा मी कारण विचारले तर म्हणाले, “हिंदीत लिहिलं का मले वाटते, दरखास देऊन राहिलो. मराठीत लिहिलं का वाटते, ओट्यावर बसून बोलून राहिलो.”

आलेली कार्डे ते पार्सल ऑफिसातून रद्दीत निघालेल्या एका जाड रजिस्टरात चिकटवीत. त्या रजिस्टराचे रकाने छापील होते: प्रेषक, प्राप्तकर्ता, वजन, आणि शेऱ्यासाठी कैफियत. हे रकाने रिकामे सोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. म्हणून प्रत्येक सहीचे ते वजन लिहीत. सवयीने, न वाचता केलेली सही ‘हलकी’. पत्र वाचून, दोन शब्द जोडून केलेली ‘मध्यम’. ‘भारी’ असा शेरा साठ-पासष्ट सह्यांत चारच ठिकाणी होता. त्या विनोदी नटाने नावाखाली “तो पेला मला आजही रिकामाच मिळतो” असे लिहून पाठविले, तेव्हा सहीबाबूंनी वजनाच्या रकान्यात ‘फार भारी’ असे लिहिले. रबरी शिक्क्याची सही आली तर ती चिकटवीत नसत. आणि रस्त्यात, स्टेशनात गाठून घेतलेली सही ही त्यांच्या मते सहीच नव्हे. सही दिलेली असावी, काढून घेतलेली नसावी, हा त्यांचा नियम.

नवे राज्य झाले त्या वर्षी त्यांच्याजवळ पत्ता छापलेल्या कागदांचा मोठा गठ्ठा शिल्लक होता. पत्त्यात ‘रायपूर, म. प्र.’ असे होते. आमचे गाव राजधानी झाले, रस्त्यांवर लाल दिव्यांच्या गाड्या धावू लागल्या, धुळीने घराघरांतील तुळशी पांढऱ्या झाल्या. सहीबाबूंनी पट्टी घेतली आणि प्रत्येक कागदावरील ‘म. प्र.’ सरळ रेघेने छेदून वर ‘छ. ग.’ असे लिहिले. नवे कागद का छापून घेत नाही, असे कोणी म्हटले तर म्हणत की सरकारने नाव खोडले, आपण कागद कशाला फेकायचा. रस्ता रुंद करताना चौकातील लाल पत्रपेटी काढून टाकली गेली. ती परत बसवावी म्हणून त्यांनी दोन अर्ज केले, उत्तर आले नाही, आणि तेव्हापासून ते प्रत्येक पत्र घेऊन मोठ्या पोस्टापर्यंत पायी जात. जुन्या टॉकीजच्या जागी दुकानांची इमारत उभी राहिली तेव्हा मात्र ते त्या रस्त्याने जायचे थांबले.

वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, या सगळ्याचे हसू येई. कधी रागही येई. मी बसलो असताना त्या चहाचे कप ठेवीत आणि मला उद्देशून म्हणत, “भाऊजी, साऱ्या दुनियेले कार्डं टाकते हे. मले तीस वर्षांत एक ओळ नाही.”

“तू घरातच हाय ना,” सहीबाबू मान वर न करता म्हणत. “घरातल्या घरात तिकीट कशाले वाया घालवू?”

माझे काम मायन्याचे. पत्राच्या आरंभी ज्याला लिहायचे त्याच्या नावामागे जे आदराचे शब्द घालतात, त्यांस आम्ही जुनी माणसे मायना म्हणतो. तीर्थरूप, तीर्थस्वरूप, राजमान्य राजश्री, चिरंजीव, सौभाग्यवती: कोणाला काय शोभते याचे शास्त्र आहे, आणि ते मला येते याचा मला अभिमान होता. सहीबाबू मजकूर स्वतः लिहीत. मायन्याची जागा मात्र कोरी ठेवून कागद माझ्याकडे आणीत. मी शब्द सांगे, ते तो निळ्या पेनाने भरीत. माझ्या सांगण्यावरून त्यांनी दारुड्या म्हणून बदनाम झालेल्या एका नटाला ‘कलानिधी’ असे लिहिले, आणि त्या माणसाने सहीखाली लिहून पाठविले की हे अक्षर मी भिंतीवर लावले आहे. त्या दिवशी सहीबाबू रजिस्टर घेऊन माझ्या दारी आले आणि म्हणाले की यातील निम्मे वजन तुमचे. मला तेव्हा काय वाटले ते लिहीत नाही. विद्येचा गर्व ज्याला झाला असेल त्याला ते कळेल.

आता मुख्य गोष्ट. रजिस्टरात मधोमध एक पान त्यांनी पहिल्यापासून कोरे ठेवले होते. ते एका अभिनेत्रीसाठी. ती मूळची आपल्याच विदर्भाकडची, आणि कृष्णधवल काळातील पौराणिक चित्रपटांत देवीची कामे करी. मी आयुष्यात चित्रपट थोडे पाहिले. पण लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तंबूतील पडद्यावर तिला देवीच्या रूपात पाहून माझ्या आईने चपला काढून हात जोडले होते आणि मलाही जोडायला लावले होते. सहीबाबू तिला दर नवरात्रात एक पत्र लिहीत. एकोणतीस नवरात्रे झाली. उत्तर कधी आले नाही. बाकीच्या साठ सह्या या एका सहीची वाट पाहताना सहज गोळा झाल्या होत्या असे म्हटले तरी चालेल. तिच्या पत्रावर मायना असे ‘सौभाग्यवती’.

एके वर्षी नवरात्राच्या आधी हिंदी वर्तमानपत्रात बातमी आली की तिचे पती वारले. सहीबाबू कात्रण आणि मायन्याची जागा कोरी ठेवलेला कागद घेऊन आले. मी सांगितले, आता ‘गं. भा.’ लिहावे लागेल. पती निवर्तलेल्या स्त्रीच्या नावामागे ‘गंगा भागीरथी’ लिहिण्याची आपली रीत; माझ्या आईला आलेल्या प्रत्येक पत्रावर तीस वर्षे ती अक्षरे होती.

सहीबाबूंनी पेन उघडले, आणि पुन्हा झाकण लावले.

“पंडितजी, हे नाही जमत,” ते म्हणाले. “देवीले कोणी गं. भा. लिहिते का?”

“ती देवी नव्हे, देवीचे काम करणारी बाई आहे. आणि यात अपमान कसला? दोन्ही नावे पवित्र नदीची.”

“नुसतं श्रीमती लिहिलं तर?”

“श्रीमती वीजखात्याच्या नोटिशीवर लिहितात.”

कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले की माझा हात नाही चालत, तुम्हीच लिहा. एकोणतीस वर्षांत मायना माझ्या हाताने लिहिण्याची ती पहिली वेळ. मी ‘गं. भा.’ लिहिले. अक्षर चांगले आले होते, हेही मला आठवते.

पंधरा दिवसांनी पोस्टमन आला. तो छत्तीसगढी बोलणारा, साऱ्या पाऱ्याचा ओळखीचा. “ले बाबूजी,” तो म्हणाला, “बम्बई ले लिफाफा आय हे.” कार्ड नव्हते, पाकीट होते. आत सहीबाबूंचेच पत्र परत आलेले. माझ्या अक्षरातील ‘गं. भा.’ एका तिरप्या फटकाऱ्याने खोडले होते. पट्टी लावून नव्हे, हाताने. शाई कागदातून पलीकडे उमटली होती. त्याच्या वर, ठळक आणि किंचित थरथरत्या अक्षरांत, तिने आपले संपूर्ण नाव लिहिले होते. नावाखाली रेघ ओढलेली. तिच्या खाली मराठीत दोन वाक्ये: “या नावाने मी पन्नास वर्षे काम केले. एवढेच लिहावे.”

सहीबाबू तो कागद घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी जपाला बसलो होतो. जप पूर्ण होईपर्यंत ते दाराशी उभे राहिले. मग कागद माझ्या हाती देऊन शेजारी बसले. मी वाचले. मग म्हणालो की सही तर आली. रजिस्टरातील पान भरले.

“ही सही नाही, पंडितजी,” ते म्हणाले. “हे दुरुस्ती हाय.”

मी म्हटले, अक्षर तिचे, नाव तिचे, खाली रेघसुद्धा आहे. त्यावर ते हसले आणि मला त्यांचाच नियम ऐकवला: दिलेली असेल ती सही. राग आला म्हणून लिहून फेकलेले नाव आपण चिकटवून घेतले तर ते चोरल्यासारखे होईल. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा मला एखाद्या विद्यार्थ्यासारखा दिसला. पत्र परत आले, पण जवाबी कार्ड परत आले नव्हते.

“कार्ड तिच्यापाशीच हाय. फेकलं असतं तर संगंच फेकलं असतं. आता एक माफीचं पत्र लिहू. पण मायना बरोबर पाहिजे. आता चुकला तर संपलं.”

ज्या माणसाने एकोणतीस वर्षे वाट पाहिली होती, त्याला पहिल्यांदाच वाट पाहण्यासाठी खरे कारण मिळाले होते. आणि ते माझ्या एका शब्दावर अडले होते.

वाचकांनी येथे विचारावे की त्यात अडण्यासारखे काय होते. तिनेच लिहिले होते, एवढेच लिहावे. पण एखाद्या वृद्ध स्त्रीला मायन्यावाचून नुसत्या नावाने पत्र लिहिणे माझ्या बुद्धीला मान्य होईना. माझे शास्त्र एका नटीने खोडले, याचा सल मनात होता, असेही आता म्हणू शकतो. तेव्हा म्हणालो नसतो. मी सांगितले की जुन्या लेखनपद्धतीच्या पोथ्या काढून पाहतो. पोथ्या माळ्यावर होत्या. तेवढ्यात माझ्या मुलाने तेलीबांध्याला घर घेतले आणि आम्ही ब्राह्मणपारा सोडला. पोथ्यांची खोकी तळाशी गेली. सहीबाबू शेजारच्या दुकानातून फोन करीत. मजकूर तयार आहे, जागा कोरी ठेवली आहे, असे सांगत. मी म्हणे, पाहतो. गुढीपाडवा झाला. आषाढ आला. तेव्हा मी म्हटल्याचे मला शब्दशः आठवते: “चातुर्मास होऊ द्या, निवांत पाहू.” ते म्हणाले, “हव, निवांत पाहा. घाई नाही.”

घाई होती. त्यांनाही ठाऊक होती, मलाही. मी थकलो होतो, आणि थकलेल्या माणसाला पुढे ढकलण्याइतके सोपे दुसरे काही नसते.

कार्तिकात ती गेल्याची बातमी आली. आतल्या पानावर चार ओळी, सोबत देवीच्या वेषातील जुना फोटो.

त्याच दिवशी दुपारी सहीबाबू तेलीबांध्याच्या घरी आले. त्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. सामायिक ऑटोतून उतरून, लिफ्टवर विश्वास नसल्याने चार मजले चढून आले होते. चहा घेतला. खिडकीतून तलाव दिसतो, त्याचे कौतुक केले. माझ्या रक्तदाबाची चौकशी केली. बातमीविषयी एक अक्षर नाही. मी काही बोलू पाहत होतो, पण ते प्रत्येक वेळी विषय तलावाकडे नेत. निघताना चपला घालण्यासाठी वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्यांनी विचारले, “मंग पंडितजी, मायना सापडला होता का?”

मी नाही म्हणालो.

“राहू द्या,” ते म्हणाले. “जिथं गेली तिथं मायना लागत नसन.”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

त्यानंतरही ते सात-आठ वर्षे होते. पत्रे लिहिणे हळूहळू बंद झाले. लिहायची तीच माणसे एकेक करून कमी होत होती. माझ्याकडे मायन्यासाठी कागद पुन्हा कधी आला नाही. मंडळाच्या कार्यक्रमात भेट होई, शेजारी बसत, तोंड भरून बोलत. एकदा मात्र त्यांनी सहज सांगितले की रेल्वेत पार्सल चुकीच्या ठिकाणी गेले तर ते परत मागवता येते, उशीर झाला तर त्याला रकाना नाही.

त्या काळात मला आईची आठवण वारंवार येऊ लागली. मामांची पत्रे मी तिला वाचून दाखवीत असे. मी मोठ्या आवाजात, उच्चारांची शुद्धता राखून, ‘गंगा भागीरथी’ अशी सुरुवात केली की ती प्रत्येक वेळी म्हणे, “पुढचं वाच.” मजकूर ऐकण्याची तिला घाई असते असे मी समजत होतो. तीस वर्षे तसेच समजत होतो. तिला ते शब्द हवे आहेत की नाहीत, हे आमच्यापैकी कोणी विचारले नव्हते. तिच्या हाती पेनही नव्हते.

गेल्या वर्षी सहीबाबू गेले. झोपेत, फारसा त्रास न होता. मुलगा भिलाईला असतो. वर्षश्राद्धाच्या वेळी त्याने मला फोन केला. तो हिंदीतच बोलतो. म्हणाला, “अंकल, कार्ड का मजमून आप लिख दीजिए। मेरी मराठी तो बस समझने भर की है।” मी जुन्या पाऱ्यात गेलो. घर तसेच, ओटाही तसाच. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला.

वहिनी समोर बसल्या. मी कागद घेतला, तिथी लिहिली, श्राद्धाचा मजकूर लिहिला, आणि खाली निमंत्रण देणाऱ्यांच्या नावांशी आलो. पहिले नाव घरातील वडीलधाऱ्या बाईचे. माझ्या हाताने ‘गं’ लिहिले. हाताला विचारावे लागत नाही. साठ वर्षांची सवय. अनुस्वाराचे टिंब देऊन मी थांबलो, कारण वहिनी उठल्या होत्या.

त्या आतून रजिस्टर घेऊन आल्या. मधले पान उघडून माझ्यापुढे ठेवले. पान अजून कोरेच होते, कार्ड नाही, चिकटवल्याची खूण नाही. तो खोडलेला कागद घडी करून तेथे नुसता ठेवलेला. मात्र एक सोडून बाकी रकाने भरले होते, निळ्या शाईने. प्राप्तकर्ता: तिचे नाव, पुढे-मागे काही नाही. वजन: रिकामे. कैफियत: “नाव आले. चिकटवायचे नाही. मायना पंडितजींना विचारणे.”

आणि खाली तारखा. पहिली ते पत्र परत आल्यानंतरची, मग फोन केल्याच्या, प्रत्येक वेळी एक, शेवटची कार्तिकातली. त्या तारखेपुढे त्यांनी काही लिहिले नव्हते. तक्रार कुठेच नव्हती. अपुरे राहिलेले काम पार्सलबाबू जसे नोंदवून ठेवतो, तसे त्यांनी नोंदवून ठेवले होते.

“हे मले दाखवत नव्हते,” वहिनी म्हणाल्या. “गेल्यावर पाहिलं. तो कागद बी वाचला. ती बाई खरं बोलली, भाऊजी.”

मी माझ्यापुढील कागदावरचे ‘गं’ खोडले. एका फटकाऱ्यात खोडायचे होते. हात थरथरल्यामुळे दोन लागले. मग पेन आणि कागद वहिनींकडे सरकवून म्हटले की येथे तुमचे नाव तुम्हीच लिहा, तुम्हाला जसे लिहायचे असेल तसे.

त्यांनी पदराला हात पुसले. पेन धरायला थोडा वेळ लागला. स्वतःचे नाव, मग यजमानांचे, मग आडनाव, प्रत्येक अक्षरावर थांबत. तीस-बत्तीस वर्षे मी त्या घरी चहा घेतला होता, आणि त्यांचे अक्षर आज पहिल्यांदा पाहत होतो. वेलांटी गोल, बाळबोध, चौथी-पाचवीत थांबलेले अक्षर.

“बरोबर हाय ना?” त्यांनी विचारले. “तुम्ही लय चुका काढता.”

“यात चूक नाही,” मी म्हणालो.

त्यांनी कागद थोडा दूर धरून पाहिला आणि हसल्या. “हे असते,” त्या म्हणाल्या, “तर आता याचं वजन करत बसले असते.”

कार्ड छापायला मी स्वतः गेलो. छापखान्यातील माणसाने मजकूर वाचून विचारले, “पंडितजी, माताजी के नाम के आगे कुछ छूट गया है क्या?” मी सांगितले की काही सुटलेले नाही, नाव पूर्ण आहे.

हा मजकूर जेथे जेथे वाचला जाईल त्या घरांवर महामायेची दृष्टी राहो. त्या घरांतील चूल शांत असो, वडीलधाऱ्यांची झोप सुखाची असो. कोणाला लिहायचे राहिलेले पत्र असेल तर ते चातुर्मासासाठी न थांबता आजच पेटीत पडो. आणि त्या घरातील प्रत्येक बाईचे नाव, तिला हवे तसे, तिच्या हाताने, कोठेतरी लिहिले जावो.